थांबलेला सायरन

फेब्रुवारीतल्या एका पहाटे, चार वाजून दहा मिनिटांनी, नेरुळच्या आमच्या सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत मी चहाचा कप घेऊन उभी होते. मुलाची बारावीची परीक्षा तोंडावर आली होती आणि त्याला चारला उठवून चहा करून देण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले होते. समोर पाम बीच रोड, त्याच्या पलीकडे खारफुटीचा काळा पट्टा आणि ओहोटीच्या चिखलाचा तो ओळखीचा, किंचित आंबूस वास. वाशीच्या बाजूने आधी नुसती एक गुणगुण आली, साचलेल्या पाण्यावरच्या डासांसारखी. मग ती वाढत वाढत फाटली आणि पाच-सहा मोटारसायकली एकमेकींना खेटून आमच्या खालून निघून गेल्या. त्यांच्या मागे पोलिसांची गाडी होती. तिच्या दिव्याचा लाल-निळा उजेड समोरच्या इमारतीच्या काचांवरून सरकला, सायरनने सगळा सेक्टर दणाणून सोडला, दोन-तीन घरांतले दिवे लागले. आणि मग, आमच्या सिग्नलच्या थोडे अलीकडे, तो सायरन एकाएकी बंद झाला. दिवा फिरत राहिला, पण गाडीचा वेग उतरला, ती डाव्या कडेला आली आणि जवळजवळ चालत्या माणसाच्या गतीने पुढे जात राहिली. मोटारसायकलींचा आवाज सीवूड्सच्या दिशेने विरत गेला.

“अरे, धरा ना त्यांना!” असे मी मोठ्याने म्हणाले.

सातव्या मजल्यावरून ते कोणाला ऐकू जाणार होते? पण वाक्य तोंडातून निघाले होते आणि त्यातला आवेश माझा मलाच नवा होता. शेजारी येऊन उभा राहिलेला मुलगा चहा फुंकत म्हणाला, “सोडलं त्यांनी.” त्याच्या स्वरात निराशा होती की सुटकेचा निःश्वास, हे मला कळले नाही. सकाळी सोसायटीच्या गटावर चर्चेला ऊत आला. कोणी लिहिले की पोलीस घाबरले, कोणी लिहिले की हप्ता पोचला असेल, आणि पहिल्या मजल्यावरच्या एका निवृत्त गृहस्थांनी परदेशातल्या पोलिसांनी पळणाऱ्या गाडीला धडक देऊन ती उलटवल्याची चित्रफीत पाठवून खाली लिहिले, ‘याला म्हणतात कायद्याचा धाक’. त्यावर उंचावलेल्या अंगठ्यांची रांग लागली. त्या रांगेत माझाही एक अंगठा होता, हे येथे कबूल केलेले बरे.

दिवसभर मात्र तो बंद पडलेला सायरन डोक्यातून जाईना. चालू असलेला सायरन माणूस विसरतो. मध्येच थांबलेला विसरत नाही.

पाम बीच रोडबद्दल नवी मुंबईकरांना काही सांगावे लागत नाही. वाशीपासून बेलापूरच्या किल्ला जंक्शनपर्यंत सुमारे दहा किलोमीटरचा हा रस्ता रुंद आहे, गुळगुळीत आहे, एका अंगाला खाडी असल्याने त्याला वस्तीचा अडथळा कमी आहे आणि रात्री तो इतका मोकळा दिसतो की अंगात वारे शिरावे. वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर असल्याचे फलक आहेत, आणि ते फलक वाचता येतील इतक्या वेगाने मध्यरात्रीनंतर फारसे कोणी जात नाही. मुंबईत शर्यतींचा हा मान कधी वांद्रे रेक्लमेशनकडे जातो, कधी पश्चिम द्रुतगती मार्गाकडे, आणि मार्च २०२४ पासून किनारी रस्त्यावरच्या आलिशान मोटारींकडेही जाऊ लागला आहे. नवा रस्ता झाला की त्यावरून पहिल्यांदा रुग्णवाहिका जाते की शर्यत, हे पाहण्यासारखे असते.

या शर्यतींची आमच्या घरात एक विचित्र ओळख झाली आहे. पक्षीनिरीक्षक जसे न दिसणाऱ्या पक्ष्याला आवाजावरून ओळखतात तसा माझा मुलगा अंधारातल्या मोटारसायकली ओळखतो. त्या पहाटेही त्याने सांगितले होते, “पहिली केटीएम, मागच्या दोन आर-फिफ्टीन, शेवटची बुलेट. ती उगाच आली होती.” सायलेन्सर बदललेला आहे की मूळचा, मध्येच फटाक्यासारखे बार का होतात, मागची गाडी कोणत्या गियरमध्ये आहे, हे सगळे तो खाली न पाहता सांगू शकतो. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलीस जप्त केलेले असे सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवतात; वर्तमानपत्रात तसे छायाचित्र आले की हा मुलगा एखाद्या पक्ष्यांच्या शिकारीचे चित्र पाहावे तसा हळहळतो. त्याच्याकडे गाडी नाही. अठरा पूर्ण व्हायला सात महिने आहेत, आणि त्या सात महिन्यांनंतर काय, हा प्रश्न आमच्या जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीसारखा कायमचा येऊन बसला आहे.

त्याला रागे भरण्याचा मला किती अधिकार आहे, हा वेगळाच प्रश्न आहे. कारण आवाज ओळखण्याची ही कला त्याने माझ्याकडूनच घेतली असावी.

१९९५ साली मी एकोणीस वर्षांची होते आणि आमच्या कॉलेजातल्या एका मित्राकडे यामाहा आरएक्स १०० होती. त्या पिढीतल्या वाचकांना या नावापुढे काही सांगायला नको. ९८ सीसीचे ते चिमुकले टू-स्ट्रोक इंजिन, किक मारताच होणारा तो किंचित खरखरता, तडतडता आवाज आणि जळलेल्या तेलाचा निळसर धूर. तो वास आजही कुठे आला तर माझी मान आपोआप वळते. एका रात्री, घरी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असे सांगून, मी त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून नरिमन पॉइंटच्या एअर इंडिया इमारतीपासून मरीन ड्राइव्हने चौपाटीपर्यंत गेले. बरोबर दुसरी एक गाडी होती. ‘शर्यत’ हा शब्द कोणीही उच्चारला नव्हता. फक्त दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहिल्या, दोघांनी एकमेकांकडे न पाहता मूठ पिळली, आणि पुढचे मी आजवर कोणालाही नीट सांगितलेले नाही.

मला भीती वाटली नाही. आज हे लिहिताना भीती वाटली असे लिहायला फार सोयीचे जाईल, पण ते खरे नाही. हेल्मेट नव्हते, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली होती, डोळ्यांतून वाऱ्याने पाणी येत होते आणि डाव्या हाताचे दिवे वेगळे न दिसता एकच पिवळी रेघ झाले होते. मित्राच्या खांद्यावरून मला काट्याची थरथर दिसत होती. तो ऐंशीच्या पुढे होता. मी मोठमोठ्याने हसत होते. वर्षभर अभ्यास, लोकल, घरची शिस्त आणि मुलीच्या जातीने कसे वागावे याची वहीभर टाचणे असे आयुष्य असताना, ती तीन-साडेतीन मिनिटे कोणाच्याही नावावर नव्हती. वेगाविषयी जे लोक नुसते नाक मुरडतात त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही तो यामुळे. वेगात सुख आहे, आणि ते शरीराला इतके थेट कळते की त्याविरुद्ध केलेले सगळे युक्तिवाद कानांच्या बाहेरच राहतात.

पण त्या रात्रीचा आणखी एक तुकडा आहे. वानखेडेच्या बाजूचे वळण मागे टाकल्यावर, कठड्यालगत सायकलवर किटली टांगून चहा विकणारा एक माणूस सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता. आम्ही त्याच्या एका अंगाने गेलो आणि दुसरी गाडी दुसऱ्या अंगाने. मला त्याचा चेहरा दिसला नाही. किटलीवर पडलेला दिव्याचा एक चट्टा आणि वर उचललेला हात एवढेच दिसले. मागून पत्र्याचा आवाज आला. तो सायकल पडल्याचा होता, किटली आपटल्याचा होता की त्याने रागाने काही फेकल्याचा, मला ठाऊक नाही, कारण मी मागे वळून पाहिले नाही. चौपाटीला पोचल्यावर कोण आधी आले यावर दोघांचा वाद झाला, आम्ही कुल्फी खाल्ली आणि त्या माणसाचा विषय कोणीच काढला नाही. आज तीस वर्षे झाली. त्या दुसऱ्या गाडीवर कोण होते त्याचे नावही मला आठवत नाही, पण तो उचललेला हात आठवतो.

माझे मामा मुंबई पोलिसांच्या मोटार परिवहन विभागात चालक होते. नागपाड्याला त्यांचे कार्यालय, नायगावच्या पोलीस वसाहतीत घर. सुट्टीत आम्ही भाचरे जमलो की त्यांच्याभोवती कोंडाळे करून बसायचो आणि पाठलागाची गोष्ट सांगा म्हणून हट्ट धरायचो. मामा सुपारी कातरत म्हणायचे, “पाठलाग पडद्यावर असतो, पोरांनो. आमची जीप सत्तरच्या वर गेली की दारं वाजायला लागतात.” आमचा हिरमोड व्हायचा. मग ते मुंबईचा नकाशा हवेत बोटाने काढून दाखवायचे. “हा बघा, असा पळाला तर पुढे काय? समुद्र. असा पळाला? खाडी. इथून वर गेला तर दहिसर नाहीतर मुलुंड. मुंबईत पळून पळून माणूस जाणार कुठे? आपण पुढच्याला बिनतारीवरून सांगायचं आणि सावकाश जायचं. गाडी पळते, नंबर पळत नाही.” आम्हांला ही गोष्ट मुळीच आवडायची नाही. शूर मामा हवा असताना हिशेबी मामा मिळाल्यासारखे वाटायचे.

पुढे मी मोठी झाल्यावर, एकदा मामींच्या अपरोक्ष, त्यांनी एक वाक्य सांगितले होते. रात्रपाळीत एकदा ते खरेच एका मोटारीच्या मागे लागले होते, कितीतरी वेळ. काही झाले नाही. मोटार सापडली, चालक सापडला, साहेबांनी शाबासकी दिली. “पण नंतर साहेबांनी विचारलं, रस्त्यात आणखी कोण होतं? तर मला सांगताच येईना. एक सिग्नल नाही, एक माणूस नाही, एक कुत्रं नाही. माझ्या डोळ्यांत फक्त त्या गाडीचे दोन लाल दिवे होते. म्हटलं, हे काही खरं नाही.” त्यानंतर त्यांनी पाठलागाचे काय धोरण ठेवले ते मी विचारले नाही, आणि आता विचारायला ते नाहीत. वेगाने डोळ्यांचा परीघ कसा आकसत जातो यावर मी नंतर बरेच वाचले, पण मामांच्या ‘दोन लाल दिव्यां’पेक्षा ते मला कोणीही नेमके सांगितलेले नाही. पुढच्याच्या डोळ्यांत फक्त रस्ता, मागच्याच्या डोळ्यांत फक्त पुढचा. किटलीवाला दोघांच्याही डोळ्यांत नाही.

त्यांचे ते ‘नंबर पळत नाही’ मात्र आता कालबाह्य झाले आहे. आताची मुले शर्यतीला निघताना नंबरप्लेट वर वाकवतात, तिच्यावर रुमाल बांधतात, चिखल फासतात किंवा ती सरळ काढून पिशवीत टाकतात. समोर नाकाबंदी दिसली की दुभाजकाच्या फटीतून गाडी वळवून उलट्या दिशेने सुसाट येतात, आणि मग त्यांना अडवायचे म्हणजे कोणीतरी हाडामांसाचा माणूस त्या गाडीपुढे उभा राहायला हवा. आपल्याकडचा पाठलाग गाडीने कमी आणि हाताने जास्त होतो. हवालदार हँडल धरायला झेपावतो, किल्ली काढायला हात घालतो, काठी आडवी धरतो. यातले काहीही चुकले तर एक तर तो मुलगा रस्त्यावर आपटतो नाहीतर तो पोलीस, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी चित्रफीत पाहणारे आपण चहा पिता पिता निवाडा देतो.

एप्रिल २०२३ मध्ये आमच्याच शहरात जे घडले ते पुष्कळांना आठवत असेल. कोपरखैरणे-वाशीच्या रस्त्यावर एका वाहतूक पोलिसाने मोटार थांबवायचा प्रयत्न केला, चालकाने ती तशीच अंगावर घातली आणि तो पोलीस बॉनेटवर अडकला. त्याला तसाच घेऊन ती मोटार सुमारे २० किलोमीटर, उरणच्या वाटेवरच्या गव्हाण फाट्यापर्यंत गेली. तो वाचला; चालक नशेत होता असे पुढे निष्पन्न झाले. सायरन बंद करण्याच्या शहाणपणाबद्दल माझ्या मनात जी काही सुबक मांडणी तयार होत होती, ती या एका आठवणीने मोडते. मागच्या गाडीतल्या पोलिसांनी तेथे काय करायचे होते? आपला माणूस बॉनेटवर असताना सावकाश जायचे? बॉनेटवर लटकलेल्या त्या माणसाला वीस किलोमीटर किती लांब वाटले असतील, याची कल्पना करताना माझ्या हाताची बोटे आपोआप आवळली जातात.

कायद्याच्या कागदपत्रांचे भाषांतर हा माझा व्यवसाय आहे आणि त्या निमित्ताने काही वर्षांपूर्वी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २००७ सालचा स्कॉट विरुद्ध हॅरिस हा निकाल माझ्या वाचनात आला होता. त्या पहाटेनंतर मी तो पुन्हा काढला. प्रकरण जॉर्जिया राज्यातले, मार्च २००१ मधल्या एका रात्रीचे. एकोणीस वर्षांचा हॅरिस ताशी ५५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ७३ मैलांनी चालला होता. आपल्या भाषेत ८८ च्या जागी ११७ किलोमीटर. पोलिसांनी दिवे लावले, तो थांबण्याऐवजी पळाला. सहा मिनिटे आणि जवळजवळ दहा मैल हा खेळ चालला, म्हणजे आमच्या पाम बीच रोडच्या दीडपट अंतर. शेवटी स्कॉट नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने आपल्या गाडीने त्याच्या गाडीला मागून धडक दिली. मोटार रस्त्याखाली जाऊन उलटली आणि हॅरिसचे हातपाय कायमचे लुळे पडले. सुरुवात मर्यादेपेक्षा १८ मैल जास्त वेगाची, म्हणजे एका पावतीच्या लायकीची होती.

हॅरिसने दावा लावला. आठ न्यायमूर्तींनी पोलिसाच्या बाजूने कौल दिला आणि एकाने विरुद्ध. बहुमताने हिशेब मांडला तो मला विलक्षण वाटतो, कारण त्यांनी त्यात तिसऱ्या माणसाला धरले. रस्त्यावर असणारे पादचारी, इतर मोटारी आणि स्वतः पोलीस हे निरपराध होते, धोका हॅरिसने निर्माण केला होता, तेव्हा त्या निरपराध लोकांसाठी हॅरिसचा जीव धोक्यात घालणे गैर नव्हते, असे ते म्हणाले. मग पोलिसांनी पाठलाग सोडला असता तर तेच लोक वाचले नसते का, या प्रश्नावर त्यांचे उत्तर असे की सोडल्यावर तो वेग कमी करेलच याची खात्री काय. आणि बेफाम चालवले की पोलीस सोडून देतात असा नियम झाला तर प्रत्येक पळणारा बेफामच चालवेल. हे उत्तर खोडून काढणे मला जमलेले नाही. विरोधात गेलेले न्यायमूर्ती स्टीव्हन्स त्या वेळी सत्त्याऐंशीच्या घरात होते. पोलीस गाडीवरच्या कॅमेऱ्याचे चित्रण न्यायालयाने संकेतस्थळावरही ठेवले होते, आणि ते पाहून आपले सहकारी उगाच घाबरले, असे त्यांनी लिहिले. विजा चमकल्यासारखे जे दिसते ते समोरून येणाऱ्या गाड्यांचे साधे दिवे आहेत. माझे सहकारी दुपदरी रस्त्यांच्या काळात गाडी शिकले असते तर त्यांनी ते अधिक शांतपणे पाहिले असते, असा टोला त्यांनी मारला. कायद्याच्या कोरड्या कागदांत असा एक म्हातारा ड्रायव्हर अचानक भेटला की भाषांतरकाराला किती बरे वाटते, हे दुसऱ्या भाषांतरकारालाच कळेल.

सोसायटीच्या गटावरच्या त्या उलटणाऱ्या मोटारीला मी दिलेला अंगठा त्या रात्री काढून घेतला. तो काढल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. आठ न्यायमूर्ती बरोबर की एक, याचा निर्णय मी अजून केलेला नाही, पण त्यांच्यापैकी कोणीही ते चित्रण मजा म्हणून पाहत नव्हते आणि मी पाहत होते, एवढा फरक मला दिसला. गॅलरीतून मी ‘धरा’ म्हणाले ते रस्ता सुरक्षित व्हावा म्हणून म्हणाले होते का? प्रामाणिकपणे सांगायचे तर पुढचा प्रवेश पाहायला मिळावा म्हणून म्हणाले होते. शर्यतीला प्रेक्षक लागतात, आणि पाठलागालाही. मरीन ड्राइव्हवरची मी आणि सातव्या मजल्यावरची मी यांच्यात तीस वर्षांचे अंतर असले तरी दोघींनाही हवे होते ते एकच होते.

घरातला लढा मात्र न्यायालयात सुटणारा नव्हता. मी मुलाला कायदा सांगून पाहिला. मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाखाली रस्त्यावरच्या शर्यतीला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. त्याने ती रक्कम एका चांगल्या हेल्मेटच्या किमतीशी ताडून पाहिली आणि गप्प बसला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले १९९-अ हे कलम सांगितल्यावर जरा परिणाम झाला: अल्पवयीन मुलाने गाडीवर गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. “पंचवीस?” तो म्हणाला. आईच्या कैदेपेक्षा ती पंचवीस वर्षे त्याला जास्त लागली, यात मी वाईट वाटून घेतले नाही. त्या वयात मलाही तेच लागले असते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दुचाकीवरचे दोघे गेले, त्यावर आमच्या घरात तेव्हा खूप बोलणे झाले होते, जामिनासाठी त्याला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर तर फारच. दुचाकीवरच्या त्या दोघांबद्दल त्या मानाने किती कमी बोललो, हे आता जाणवते. ते कोणाशी स्पर्धा करत नव्हते. ते नुसते घरी चालले होते.

मग मी त्याला त्याच्याच पुस्तकातले गणित घातले. साठच्या वेगाने जाणारी गाडी करकचून ब्रेक लावल्यावर सुमारे २० मीटरवर थांबते, तर १२० ने जाणारी कितीवर थांबेल? त्याने मान वर न करता उत्तर दिले, “ऐंशी. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट.” आणि ब्रेक लावायचे सुचेपर्यंत एक सेकंद गेला तर? “आणखी तेहतीस मीटर.” म्हणजे एकूण एकशे तेरा. आमच्या गॅलरीतून मी त्याला ते अंतर दाखवले. आमच्या फाटकापासून सिग्नल ओलांडून पलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत भरते. त्याने ते पाहिले, काही क्षण विचार केला आणि म्हणाला, “पण एबीएस असतं ना आता, चाक जाम होऊ न देणारं.” सूत्र त्याला पाठ होते, गणित अचूक होते आणि त्यातले काहीही त्याच्या अंगाला लागलेले नव्हते. मी हसले. रागवायला हवे होते बहुधा.

त्याची परीक्षा संपल्यावर एका सकाळी, साडेपाचच्या सुमारास चालायला उतरले असताना, त्या टपरीशी पोलिसांची गाडी उभी दिसली. चालक बाहेर उभा राहून कटिंग पीत होता. पन्नाशीचा, पोट किंचित सुटलेला, डोळे रात्रपाळीने लाल झालेले. मामांची आठवण होऊन मी थांबले आणि भीड बाजूला ठेवून विचारले की महिन्याभरापूर्वी एका पहाटे येथे सायरन बंद केला होता, ते तुम्हीच होतात का. तो आधी सावध झाला. मी वरच्या गॅलरीकडे बोट दाखवल्यावर जरा सैलावला. “आम्हीच असू. नाहीतर दुसरं कोणी. रोजचंच आहे, मॅडम.”

“पण सोडलं का?”

त्याने ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला आणि पुढच्या वळणाकडे मान वळवली. “तिथं चारला दूध उतरतं. दोन टेम्पो असतात. पोरं रस्त्यातच क्रेट लावतात, किती सांगितलं तरी. आम्ही मागे लागलो की ही कार्टी वळण बघत नाहीत, आम्हांला बघतात. मागे बघून चालवतात.” मग, आपण फारच शहाण्यासारखे बोललो असे वाटून की काय, त्याने बुटाने गाडीच्या पुढच्या चाकाला हलकेच ढोसले आणि हसला. “आणि हे टायर बघा. ह्यांच्यावर मी काय नव्वद काढणार?” चाकाची नक्षी खरोखरच पुसट झाली होती. आतून अंमलदाराने हाक मारली, तसे तो गाडीत बसता बसता म्हणाला, “पुढे किल्ला जंक्शनला कळवलं होतं. दोन मिळाले. बाकीचे गेले.”

दूध की टायर, हे मी त्याला विचारले नाही. त्याचे त्यालाही वेगळे करून सांगता आले असते की नाही, कोण जाणे. बाकीचे जे गेले ते सुरक्षित घरी गेले की पुढच्या आठवड्यात आणखी कोणाच्या अंगावर गेले, हेही मला कळणार नाही; आणि आठ न्यायमूर्तींचा तो प्रश्न तेथे टपरीवरही माझ्या शेजारीच उभा होता.

आता मुलाला चारला उठवायची गरज उरलेली नाही, पण मला जाग येते. मी गॅलरीत जाते. इतकी वर्षे येथे राहून मी ते दुधाचे टेम्पो कधी पाहिले नव्हते. दूध दाराच्या कडीला लावलेल्या पिशवीत आपोआप उगवते, अशीच माझी समजूत होती. चारला पाच-सात मिनिटे असताना ते येतात. निळे क्रेट एकावर एक आदळत उतरतात, पाण्याचा ओघळ रस्त्याच्या मध्यापर्यंत जातो आणि दिव्याखाली चकाकतो. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा उलट्या क्रेटवर, वाशीकडे पाठ करून, कानांत इअरफोन घालून बसतो आणि पिशव्या मोजून वेगवेगळ्या पोत्यांत टाकत राहतो. परवा तो तसाच बसलेला असताना वाशीच्या बाजूने ती गुणगुण पुन्हा आली. सुट्टी असूनही माझा मुलगा जागा होता, तो आतून येऊन कठड्याला रेलला, कान देऊन उभा राहिला आणि म्हणाला, “एकच आहे. ड्यूक.” मी हो म्हटले आणि खाली पाहत राहिले. क्रेटवरच्या मुलाने मान वर केली नाही. त्याची मोजणी अजून संपायची होती.